वेलाचं टोक

एंबोंगचे हात दमले होते आणि ते त्याला कबूल करायचं नव्हतं, सगळा घोळ तिथंच होता. नमाजघराच्या नव्या दाराचं डावं कवाड कोरायला त्याच्याकडे आलं होतं, उजवं त्याच्या धाकट्या भावाकडे, जुसोहकडे. इमामसाहेबांनी मुद्दामच तसं वाटून दिलं होतं. आईच्या मयतीपासून हे दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. भांडण कशावरून, तर बापाच्या कोरायच्या पटाश्यांवरून! एंबोंग सगळ्यांदेखत बोलून गेला होता, "तुझा हात सुताराचा. कोरीवकाम तुझ्यानं व्हायचं नाही." झालं. पुढं ईदलाही जुसोह फिरकला नाही.

एंबोंगला तो परत हवा होता. पण बोलायचं कुणी? म्हातारा एंबोंग आपला कवाड कोरत बसला.

बापानं दोघांना स्वयंपाकघरामागच्या नागवेलीपुढं बसवून शिकवलं होतं. "पान कोरू नका रे, पानाची चाल कोरा," म्हणायचा. पान कसं वळतं, शेजारच्याला वाट कशी देतं, तेवढंच उचलायचं. लाकडावर मग नुसती वळणं उरायची. आणि एक नेम होता: वेलाचं टोक शेजाऱ्याला टोचता कामा नये, ते आपल्याच कुशीत वळलं पाहिजे. ज्यानं टोक शेजारच्यावर रोखलं, त्याच्या मनातलं वैर अख्खं गाव ओळखायचं.

दार बसवायच्या आदल्या दुपारी बायको, मेलाह, भात-मासा घेऊन आली आणि कवाडापुढं थबकली.

"अहो, यात पान कुठंय? मला तर शेवया दिसतात."

"तू भात वाढ."

"वाढते हो. पण ह्या शेवया सगळ्या तिकडं का पळतायत?"

एंबोंगनं पाहिलं आणि हातातली पटाशी खाली ठेवली. जुसोहच्या कवाडाला जी कड भिडणार, तिथं वेलाची टोकं सरळ बाहेर रोखलेली. हात थकला की त्याची पटाशी उजवीकडं ओढायची. तासून वळवावं तर तिथं लाकूडच उरलं नव्हतं.

"आता?" मेलाहनं विचारलं.

"आता काय! तेव्हा तोंडानं बोललो, आता लाकडानं बोललो. संपलं."

त्याला भात गेला नाही.

सकाळी माणसं जमली. आधी एंबोंगचं कवाड चढलं. टोकं बघून कुणीतरी उगाच खाकरलं. जुसोह त्या टोकांपुढं बराच वेळ उभा राहिला. 'हात दमला होता रे,' एवढंच एंबोंगला म्हणायचं होतं, पण मेलं तोंड उघडेल तर ना!

जुसोहनं लुंगीत गुंडाळून आणलेलं आपलं कवाड सोडवलं आणि चढवलं. काम देखणं होतं, खरं सांगायचं तर एंबोंगपेक्षा सरस. पण वेल कडेच्या वीतभर अलीकडेच थांबला होता. पुढं सगळं कोरं लाकूड. दार मिटलं तेव्हा एंबोंगची टोकं त्या कोऱ्या जागेवर येऊन टेकली. टोचायला तिथं कुणी नव्हतंच.

"अरे, हे अर्धवट का ठेवलंस?" इमामसाहेबांनी विचारलं.

"दादा दमला की उजवीकडं ओढतो," जुसोह म्हणाला. "लहानपणी एका चटईवर कोरायचो आम्ही. ह्याचं कोपर कायम माझ्या बरगडीत. आता या वयात दमणारच की. म्हणून जागा सोडली."

एंबोंग पायरीवर खालीच बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचाही त्याला कंटाळा आला होता.

"तो हात सुताराचा नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकलंस तू. पटाश्या घेऊन जा घरून. मी दमलोय रे."

"बघू पटाश्यांचं," जुसोह म्हणाला. "आधी सरक जरा, मला बसू दे. आणि कोपर आवर."

एंबोंग सरकला.