मावशी घर सोडत नाही

शर्मिष्ठाबाई कर्णिकांना रिकामा बसलेला माणूस बघवत नाही. बोरीवलीच्या एका शाळेत त्या एकवीस वर्षं पर्यवेक्षिका होत्या, आणि घंटा झाल्यावर व्हरांड्यात रेंगाळणारं पोर त्यांना दोन मजल्यांवरून दिसायचं. त्यामुळे सून अस्मिता कॉम्प्युटरवर ‘सातगड’ खेळत होती आणि बाई मटारची परात घेऊन तिच्या मागून चालल्या होत्या, तेव्हा जे झालं ते व्हायचंच होतं.

“अगं, ती तीन माणसं झाडाखाली नुसती उभी आहेत. कामाला लाव की त्यांना!”

अस्मिताने पाहिलं. खरंच, तिचे तीन लाकूडतोडे कधीपासून तसेच उभे होते आणि तिला पत्ताच नव्हता.

आता सातगड म्हणजे काय, तर राज्य चालवायचं. एक गड आणि मूठभर माणसं मिळतात. त्यांच्याकडून लाकूड, दगड, धान्य जमवायचं, घरं बांधायची, फौज उभी करायची आणि समोरच्या यक्षांचा नाहीतर राक्षसांचा गड पाडायचा. आणि हे बुद्धिबळासारखं आळीपाळीने नाही हं! तुम्ही पाणी प्यायला उठलात की तेवढ्यात राक्षस तटावर चढलेच. फौजेत सगळ्यात भारी शरभ. जुन्या किल्ल्यांच्या दरवाज्यावर कोरलेला असतो ना, सिंहाच्या तोंडाचा, पंखवाला, तोच. एक शरभ उभा करायचा तर अर्धं कोठार रिकामं होतं.

अस्मिताचा या खेळातला जोडीदार म्हणजे तिचा नवरा केयूर. गेल्या वर्षी अंधेरीच्या स्पर्धेत दोघं फायनलला पोचले आणि थोडक्यात हरले. ती हार अस्मिताच्या जिव्हारी लागली होती. यंदा जिंकायचंच, असं ती अर्ध्या ऑफिसला सांगून बसली होती, आणि नेमकं केयूरला कंपनीने आठ महिन्यांसाठी चेन्नईला धाडलं. जोडीशिवाय स्पर्धेत नाव घेत नाहीत. फोनवर केयूर हसत म्हणाला, “आईला घे.” तो गंमत करत होता. अस्मिताने मात्र मटाराच्या परातीकडे पाहिलं आणि विचारलं, “आई, खेळाल माझ्याबरोबर?”

चार वर्षांत सुनेने सासूकडे असं काही मागितलं नव्हतं. बाईंनी परात तिथेच ठेवली.

पहिल्या आठवड्यात माउसने नुसता छळ मांडला. दुसऱ्या आठवड्यात बाईंचं गाव बघायला अस्मिता स्वतःचा खेळ थांबवायला लागली. घरं एका रांगेत, प्रत्येक घरापुढे एक झाड, मेंढ्यांना वेगळं कुंपण, आणि एक माणूस रिकामा दिसेल तर शपथ! पहिला विजय मिळाला तेव्हा दोघी अशा ओरडल्या की समोरच्या ब्लॉकमधले नाना बेल वाजवून उभे.

“काय झालं? गॅस लीक झालाय का?”

“नाही हो नाना, आम्ही यक्षांचा गड घेतला!” बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर गरम शिऱ्याची वाटी ठेवली. नानांना काही कळलं नाही, पण शिरा त्यांनी संपवला.

इथपर्यंत सगळं झकास. घोडं अडलं ते फौजेपाशी. बाईंची फौज घराबाहेर पडायलाच तयार नाही. चार शरभ उभे केले की चारही आपले अंगणात. बाहेर पाठवला आणि त्याला काही झालं तर? मागे घरात कोणी शिरलं तर? या बाई दुकानात जातानासुद्धा गॅसचं बटण तीनदा बघतात आणि गेटपर्यंत जाऊन कुलूप ओढून बघायला परत येतात. त्या कसल्या गड मोकळा सोडतायत! तिकडे अस्मिताच्या तटाला भगदाड पडायचं, ती कळवळून म्हणायची, “आई, पाठवा ना!” आणि बाई म्हणायच्या, “पाठवते गं, आधी इकडची व्यवस्था बघते.” व्यवस्था होईपर्यंत अस्मिता संपलेली असायची.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी अस्मिताने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“भरल्या कोठारांसकट हरलो, आई.” मग नजर चुकवत म्हणाली, “मी ऑफिसात कोणाला तरी विचारते. तुम्ही नका उगाच त्रास करून घेऊ.”

बाईंना वाईट वाटलं. चांगलंच मनाला लागलं. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि ती आमटी दोघींनी तशीच खाल्ली.

ऑफिसात कोणी मिळालं नाही आणि जोडी बदलायची मुदतही टळून गेली. त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी सासू-सून मेट्रोने अंधेरीला निघाल्या खऱ्या, पण अस्मिताचं तोंड एवढंसं झालेलं. बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. हिने मला पुन्हा विचारायला हवं. बक्षीस गेलं उडत, पण हिने पुढच्या वेळी आपणहून म्हणायला हवं, की आई, चला.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात स्पर्धा होती. सोळा जोड्या, बहुतेक कॉलेजातल्या. बाईंची फिकट जांभळी साडी बघून दोन-तीन पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. पण पहिल्या दोन फेऱ्यांत समोरच्यांचं धान्य संपलं आणि ह्यांची कोठारं ओसंडत होती. अस्मिताने एकटीने फौजा लढवल्या, बाई मागून माल पुरवत राहिल्या. सेमी फायनलही अशीच, जेमतेम निघाली.

फायनलला समोर आले कृणाल आणि रुचिका, खारदांड्याचे बहीणभाऊ. घरचा मासळीचा धंदा दोघं सांभाळत होते आणि बोलायला एकदम मोकळे. बाईंची सेमी फायनल त्यांनी मागे उभं राहून बघितली होती.

“मावशी, तुझं गाव एक नंबर!” कृणाल खुर्ची ओढत म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. आम्ही तिकडे येणारच नाही.”

“मावशी घर सोडत नाही ना,” रुचिका हसली. “आम्ही दोघं मिळून वहिनीकडे जातो.”

अस्मिताचा चेहरा उतरला. बाईंची कानशिलं तापली. आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत कोणी बोलून दाखवावी, तसं झालं त्यांना. आणि राग कोणाचा म्हणून करायचा? पोरगी खोटं थोडंच बोलत होती?

खेळ सुरू झाला. पोरांनी शब्द पाळला. बाराव्या मिनिटाला दोघांच्या फौजा मिळून अस्मिताच्या तटावर येऊन धडकल्या. बाईंच्या अंगणात नऊ शरभ उभे, एकालाही ओरखडा नाही.

“आई...” अस्मिता म्हणाली. “पाठवा” असं ती या वेळी म्हणालीच नाही. सवय झाली होती बिचारीला.

ते न म्हणणं बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

“चला!” त्या ओरडल्या. “सगळे चला! कोणी मागे राहायचं नाही!”

गाळ्यातली माणसं वळून बघायला लागली. सहलीला निघालेल्या पाचवीच्या वर्गाला हाकावं तशा बाई फौज हाकत होत्या. नऊ शरभ उडाले. मागून भालाईत निघाले, धनुर्धारी निघाले. आणि त्यांच्यामागून कुऱ्हाडी घेऊन लाकूडतोडेही! गडावर पहारा द्यायला चिटपाखरू उरलं नाही.

कृणालच्या हे ध्यानात यायला किती वेळ लागणार? त्याने घोडदळ वळवून थेट बाईंच्या मोकळ्या गावात घातलं. रांगेतली घरं पेटली. झाडं पेटली. मेंढ्या कुंपणात ओरडत होत्या. बाईंनी एकदाच तिकडे बघितलं आणि त्यांचा जीव तीळ तीळ तुटला.

“आई, तुमचं घर जातंय! मागे फिरा!”

“जाऊ दे गं!” बाई म्हणाल्या. “गड पडला तरी उरलेली फौज जोडीदाराला मिळते. नियम वाचलेत मी. तू तुझा किल्ला धर!”

अस्मिताने त्यांच्याकडे बघितलं, अगदी क्षणभर, आणि मग तिची बोटं अशी काही चालायला लागली की बस. शरभांनी वेढा फोडला. तिकडे बाईंचा बालेकिल्ला कोसळला, त्यांचा पडदा करडा झाला, आणि शिल्लक सात शरभ अस्मिताच्या हाती आले. रुचिकाचा गड चार मिनिटांत पडला. कृणालचं घोडदळ अजून बाईंच्या राखेतच फिरत होतं. ते परत पोचेपर्यंत त्याच्याही दारात शरभ उभे होते.

गाळा नुसता दणाणला. अस्मिता खुर्चीवरून उठली आणि तिने सासूला अशी मिठी मारली की बाईंचा चष्मा तिच्या खांद्यावरून खाली पडला.

“मावशी, काय फसवलंस यार!” कृणालने हात जोडले.

तेवढ्यात चेन्नईहून केयूरचा व्हिडिओ कॉल आला. निकाल ऐकून तो नाचायचाच बाकी होता. “भारी! आणि ऐक अस्मिता, काही महिन्यांत मी परत येतोय. पुढच्या वर्षी आपण दोघं, काय?”

अस्मिताने फोन बाईंकडे वळवला आणि भुवया उंचावून विचारलं, “आई, काय सांगू याला?”

शर्मिष्ठाबाईंनी तोंड उघडलं. जन्मभराच्या सवयीने ओठांवर आलंच होतं की तुम्ही दोघं खेळा बाबा, मी काय, घरी आहेच. ते त्यांनी गिळून टाकलं.

“केयूर,” त्या म्हणाल्या, “तू दुसरा जोडीदार शोध, बाळा. मला खेळायचंय.”