बाटलीतलं जांभूळ

देविकानं बाटली दोन गुडघ्यांत घट्ट धरली, पेच फिरवला आणि बूच उपसून काढलं. मागच्या ओट्यावर आवाज तो केवढासा झाला, तरी तिनं आधी शेजारच्या खिडकीकडं पाहिलं. दत्तोपंत मास्तरांच्या घरी सकाळी सात वाजता बाटली उघडली, ही बातमी नांदेडच्या त्या गल्लीत चहाच्या आत फिरली असती.

“माझी आंघोळ व्हायचीय तोवर काय ते उरक,” चंद्रप्रभाबाई दारातूनच म्हणाल्या. “एकदा सोवळं नेसले की मी इकडं फिरकणार नाही.”

“दारू नाही गं आई, वाइन आहे. इटलीतली माणसं रोज जेवताना घेतात, आपण ताक घेतो तशी. तीन जातींची द्राक्षं एकत्र करून करतात. काही भारीतली नाही, रोजचीच.”

“मग ताकच प्यावं की त्यांनी.”

राघवेंद्रशी लग्न होऊन देविका हैदराबादला गेली, त्याला सात वर्षं झाली होती. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे पाहुण्यांना सांगायचं तिचं काम. नातेवाइकांत मात्र ‘हॉटेलात चांगल्या हुद्द्यावर आहे’ एवढ्यावरच विषय मिटवला जाई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती घरी आली, मायलेकी एकाच खोलीत एकाच तापानं पडल्या. ताप उतरला आणि देविकाचं नाक गेलं. कशाचाच वास येईना. आज येईल, उद्या येईल करत दोन वर्षं गेली. जुन्या बाटल्यांचे वास तिला तोंडपाठ होते, त्या भांडवलावर तिनं दिवस काढले. गेल्या महिन्यात मात्र ओल्या गोणपाटासारखा वास मारणारी नासकी वाइन तिनं हसतमुखानं पाहुण्यांना ओतून दिली. साहेब एका शब्दानं बोलला नाही. त्यानं फक्त या शुक्रवारी एक नवी वाइन बारा लोकांपुढं चाखून सांगायला तिला उभं करायचं ठरवलं. तिथं जीभ अडखळली तर सात वर्षांची कमाई एका घोटात जाणार होती.

त्याच वाइनची एक बाटली घेऊन ती काल आली आणि आल्या आल्या तिनं आईला सगळं सांगून टाकलं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि “बघू सकाळी,” एवढंच म्हणाली.

आईच्या नाकावर देविकाचा देवावर नसेल एवढा भरवसा होता. नैवेद्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून चंद्रप्रभाबाईंनी चाळीस वर्षांत चुलीवरचा एक पदार्थ कधी चाखला नव्हता. मीठ त्यांना वासावर कळायचं. हुंगणंही शास्त्राला चालत नाही म्हणतात, पण उकळत्या आमटीचा वास आपणहून चालत नाकात आला तर त्याला बाईनं काय करावं? महालक्ष्म्यांच्या दिवशी शेजारणी पातेल्याचं झाकण काढून त्यांना हाक मारत. त्या उंबऱ्यावरूनच “अजून चमचाभर टाक,” म्हणत आणि ते बरोबर निघे.

देविकानं काचेच्या ग्लासात थोडी वाइन ओतली. आई ग्लासाला हात लावणार नव्हतीच, म्हणून तिनंच तो तिच्या नाकाशी धरला. चंद्रप्रभाबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

“जांभूळ,” त्या म्हणाल्या.

“ताजं?”

“झाडावरचं नाही. खाली पडून फुटलेलं. लोह्याला तुझ्या मामाच्या मळ्यात सडा पडायचा बघ, तसलं. आणि चिंच आहे. गेल्या सालची, काळी पडलेली.”

देविका भराभर लिहून घेऊ लागली.

“मागून लाकूड यायलंय. जुन्या संदुकीचं झाकण काढल्यावर येतं तसं.” चंद्रप्रभाबाई जरा थांबल्या. “तीन जाती म्हणलीस ना? तीन जावांचं घर आहे हे. एक तिखट आहे, दोघी तिला सांभाळून घ्यायल्यात.”

देविकाला हसू फुटलं. तिनं एक घोट घेतला. आधी आंबट, मग तुरट, गिळल्यावर किंचित कडू. तिच्या वाट्याला एवढंच येत होतं. पण आज तिनं डोळे मिटले तेव्हा तिला मामाचा मळा दिसला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातातला ग्लास भरलेला आहे असं वाटून तिला गलबलून आलं.

तेवढ्यात अप्पा, म्हणजे दत्तोपंत, फिरून आले. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं.

“घ्राणेन अर्धभोजनम्,” ते म्हणाले. “म्हणजे तुझ्या आईचा अर्धा ग्लास झाला म्हणायचा.”

“तुम्ही आधी पाय धुवा,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या आणि आंघोळीला निघून गेल्या.

दुपारी नैवेद्य झाला, पानं वाढली. देविकानं आमटी-भाताचा पहिला घास घेतला. नाक गेलं तरी मीठ जिभेला कळतंच. आमटी पार अळणी होती.

तिनं मान वर केली. अप्पांनी पानात वाढलेलं मीठ बोटानं आमटीत केव्हाच कालवलं होतं. खाली न बघता, सराईत हातानं. तिच्या लहानपणी अप्पांच्या पानातलं मीठ रोज जसंच्या तसं उष्ट्यात जायचं. आज वाढतानाच ते तिच्या पानातल्या मिठाच्या तिप्पट पडलं होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली. बोलू नकोस.

देविकाचा घास हातातच राहिला. एकच खोली, एकच ताप. दोन वर्षांत आपण आईला एकदाही विचारलं नाही, याची तिला मनस्वी लाज वाटली.

अप्पा आडवे झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आई अजून जेवायची होती, ओटा पुसत होती. गप्प बसणं सोपं होतं. पण साहेबही गप्पच बसला होता, आणि त्या गप्प बसण्यानं महिनाभर तिची झोप उडाली होती.

“आई, आमटीत मीठ राहिलं आज.”

चंद्रप्रभाबाईंचा हात थांबला.

“साफच राहिलं का? एरवी कमी-जास्ती होतंय, म्हणून तुझ्या अप्पांच्या पानात मी जरा जास्त वाढायलेय. ते गुपचूप कालवायलेत. त्यांना वाटायलंय मला ठाऊक नाही. वाटू दे.” त्यांनी फडकं पिळलं. “देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत, तेवढीच पंचाईत. तो बिचारा दोन वर्षं मिळेल ते जेवायलाय.”

देविका हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मला सांगायचं तरी.”

“तू तरी कुठं सांगितलंस कालपर्यंत?”

देविकानं तिच्या हातातलं फडकं घेऊन दांडीवर वाळत घातलं.

“शुक्रवारी मी सांगून टाकते,” देविका म्हणाली. “नाक गेलंय म्हणून. आंबट, तुरट, कडू कळतंय, तेवढं सांगेन. पुढचं पुढं.”

“सांग. खोटं किती दिवस पुरणार?”

“मग सकाळी ते जांभूळ, ती चिंच, ते कुठून आणलंस?”

चंद्रप्रभाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले.

“लग्नाला सात वर्षं झाली. पहिल्यांदा माहेरी काही मागायला आलीस,” त्या म्हणाल्या. “घरात नव्हतं, म्हणून काय मोकळ्या हातानं लावून देऊ?”