जयाला नको असलेला फ्लॅश

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना फ्लॅश आहे. खेळणं नाही, टॉर्चही नाही. माझी काच तडकली आहे, वायरीचं रबर सुटलं आहे, आणि अंगाला बोट लावून "हे काय आहे?" असं विचारणारी मुलं मला मुळीच आवडत नाहीत. पण तुम्ही विचारलंच आहे, तर नीट ऐका.

माझे दोन भाग आहेत. वाटीसारखं चकचकीत डोकं कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टीवर बसायचं. चामड्याच्या पिशवीतली बॅटरी खांद्याला लटकायची. दोघांना जोडणारी एक जाड वायर होती. विजेचा खांब नसेल तिथंही मी चाललो पाहिजे, एवढ्याचसाठी मला बनवलं होतं. एकदा पुरतं चार्ज केलं की शंभरेक वेळा माझा उजेड पडायचा. वजन मात्र तान्ह्या मुलाएवढं.

१९७४ साली मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात जया आणि मैना हे नवरा-बायको आले. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौक गावात, एका गॅरेजच्या शेजारी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जया फोटो काढायचा. मैना मागच्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायची आणि छापायची.

दुकानदारानं काउंटरवर तीन फ्लॅश मांडले. पहिला बल्बचा होता. एका फोटोला एक बल्ब, जळला की फेकून द्यायचा. दुसरा खिशात मावेल एवढा, पेन्सिल सेलवर चालणारा. तिसरा मी.

जयानं बारक्याला उचललं. "हाच द्या. हलका हाय, दिसायलाबी झ्याक."

"फोटो कुठं काढता?" दुकानदारानं विचारलं.

"लग्नाचे. उघड्यावर, आंब्याखाली."

"मग हा पुरायचा नाही. दुपारच्या उन्हात टोपीखालची सावली याच्यानं हटत नाही. चार हातांपलीकडे तर याचा उजेडच पोचत नाही."

मैनानं माझ्यावर हात ठेवला. "हा घ्या."

"तुला काय कळतं गं? फोटो मी काढतो."

"आन् शिव्या मी खाते! नवऱ्या मुलाचं तोंड काळं आलं, की बाया दारात येऊन मलाच विचारतात, आमच्या पोराला डोळे हायत का नायत म्हणून."

दुकानदार हसला. त्या हसण्यानं जयाचे कान लाल झाले. दुकानदारावर चिडता येईना, म्हणून त्यानं सगळा राग माझ्यावर काढला. मला मैनाकडे ढकलून तो म्हणाला, "घे तुझी धोंड. तूच वाहा."

तिनं मला वाहिलं. तीन वर्षं मी तिच्या खांद्यावर होतो. चौकच्या आसपासच्या वाड्यांत, भाताच्या खळ्यांवर, आंब्याच्या सावलीत ती मला बाजूला धरून उभी राहायची. मुंडावळ्यांच्या आडचे डोळे फोटोत दिसू लागले. लोक म्हणायचे, "त्या बाईचा दिवा आला का?" जयाचं नाव कुणी घेत नसे, आणि ते त्याला सहन होत नसे. तो मला चार्जिंगला लावायचं मुद्दाम विसरायचा. मग लग्नात मी मान टाकली, की चारचौघांत म्हणायचा, "बघितलंत? बायकोची पसंती!" मैना मात्र त्याच्याकडे बघून कॅमेरा शिकत होती.

सत्त्याहत्तरच्या भाद्रपदात एका शनिवारी चंद्राबाई स्टुडिओत आली. डोंगराच्या कुशीतलं एक शेत तिचा नवरा कसायचा, तो गेल्यावर ती कसत होती. जमीन आबाजींच्या नावावर होती. चौकमधली भाताची गिरण आबाजींची, आणि आमच्या स्टुडिओचा गाळाही त्यांचाच.

"कूळ म्हणून माझं नाव लावायचं का, त्याच्या चौकशीला सोमवारी मामलेदार कचेरीतलं साहेब येणार हायत," चंद्राबाई म्हणाली. "आबाजीनं लिवून दिलंय, जमीन तीन वरसं पडीक हाय, हितं कुणी कसत नाय. पीक उभं हाय रं माझं. पण सोमवारपर्यंत तो ते ठेवायचा नाय. आजच फोटू काढून दे."

जया उठलासुद्धा नाही. "दुसरीकडं जा. आमाला हितं ऱ्हायचंय."

चंद्राबाई पायरीवरच बसून राहिली. मैनानं कॅमेरा गळ्यात घातला, मला खांद्याला लावलं.

"मैना, तू गेलीस तर आपला गाळा जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली. आणि चंद्राबाईला घेऊन ती बाहेर पडली.

आम्ही शेतावर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. डोंगरावर ढग बसले होते. मागचं आभाळ पांढरं आणि पुढं सगळं काळवंडलेलं. भात नुकतं निसवून लोंब्यांवर आलं होतं, वाऱ्यानं हलत होतं. नुसत्या कॅमेऱ्यानं चंद्राबाईची काळी सावली तेवढी आली असती. मैनानं तिला बांधावरच्या, जमिनीचा सर्व्हे नंबर कोरलेल्या दगडापाशी उभं केलं. चार्ज होतानाची माझी शीळ चढत गेली, लाल दिवा लागला. मी उजेड टाकला. तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या, भाताच्या लोंब्या, दगडावरचा आकडा, सगळं एका क्षणात लख्ख झालं. असे चार फोटो झाले.

पाचवा घेणार, तोच बांधावरून आवाज आला. "कुणाला विचारून?"

आबाजी छत्री घेऊन उभे होते. शेजारी त्यांचा गडी गजा, हातात काठी.

"चंद्राबाईला विचारून," मैना म्हणाली.

"जमीन माझी हाय."

"मी जमीन नेत नाय. फोटू नेते."

"माझ्या गाळ्यात बसून माझ्यावरच उलटतेस? उद्या सामान रस्त्यावर टाकीन!"

मैना मागं सरली नाही. तिनं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. मध्ये कंबरभर भात, पलीकडे आबाजी. मी पुन्हा पेटलो. छत्रीखालचा तो रागानं फुगलेला चेहरा, मिशीसकट, मी उजळून काढला. मित्रांनो, एवढ्या आनंदानं मी आयुष्यात कधी उजेड पाडला नव्हता.

"हिसकाव ते, गजा!"

गजानं काठी घातली. माझी काच तडकली. मग त्यानं वायर धरून ओढली, ती उपसून निघाली आणि तिच्या उघड्या टोकाला त्याचा हात लागला. माझ्यात साठलेली वीज त्याच्या हातात उतरली. तो बोंबलत चिखलात बसला. मी ते मुद्दाम केलं नाही. पण मला वाईट वाटलं, असं खोटंही सांगणार नाही. तेवढ्यात मैना कॅमेरा पदराखाली धरून पळत सुटली होती. मी तिच्या खांद्यावर लोंबत, तिच्या कमरेवर आपटत होतो.

रविवारी सकाळी चंद्राबाईच्या शेतात आबाजींनी बैल आणि म्हशी सोडल्या होत्या. दुपारपर्यंत तिथं चिखल आणि शेण उरलं.

सोमवारी मैना मला घरीच ठेवून गेली. तिथं काय झालं, ते तिनं जयाला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. आबाजी बांधावर उभे राहून साहेबांना म्हणाले, "बघा, शेण नि चिखल. गुरं चरतात हितं. भात कुठं हाय?" मैनानं फोटो पुढं केले. आबाजी म्हणाले, "फोटू जुने असतील." मग तिनं पाचवा दिला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आबाजी, पडीक जमिनीत कंबरभर भातामागे तुम्ही कधी उभे होता?" आबाजींनी छत्री उघडली आणि मिटली. पुढे महिनाभरात कसणारी म्हणून चंद्राबाईचं नाव कागदाला लागलं. गेलेलं पीक मात्र कुणी भरून दिलं नाही.

आमचा गाळा गेला. जया आणि मैना खालापूरला मामलेदार कचेरीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये आले. तिथं अर्जाला लावायचे फोटो काढायचे. बायका मैनाकडेच काढून घ्यायच्या. जया तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पुढच्या वर्षी चंद्राबाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. मैनानं त्याचा भात रांधला. जया ताटावरून उठला. "मला ह्यो भात नको," म्हणाला आणि उपाशी बाहेर जाऊन बसला. मैनानं त्याची समजूत घातली नाही. तिनं चंद्राबाईला पोटभर वाढलं आणि स्वतःही जेवली.

माझी काच बदलून मिळाली नाही. एक दिवस मैना बाहेर गेली असताना जयानं मला कपाटात टाकलं, बॅटरी काढलीसुद्धा नाही. सहा वर्षांत तिचं पाणी झिरपलं, त्यानं माझं चामडं खाल्लं, तारा हिरव्या पडल्या. मैनानं मला बाहेर काढलं तेव्हा मी कामातून गेलो होतो. तिनं ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. म्हणून तुम्ही आज मला बघताय.

मित्रांनो, घरात असं जुनं यंत्र असेल तर त्यातली बॅटरी काढून ठेवा. माहीतगार माणसाशिवाय ते उघडू नका. बंद पडलेल्या यंत्रातही वीज दडून बसलेली असते, ते गजाला विचारा. माणसांमधला राग यंत्रावर काढू नका, ते काम करायला आलेलं असतं. आणि कपाटात ठेवायचंच असेल, तर निदान त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवू नका.

जयानं माझं तोंड भिंतीकडेच केलं होतं.