आधी गुडघा

शेजारची गौरम्मा येसराच्या पिठाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कुठं उमाबाईंना कळलं की आपण आयर्लंडला चाललोय!

"उमाक्का, तिकडं आमच्या बसवंताला एवढं पोचवा. तुमच्या सोमेशनंच सांगितलं त्याला, आईचं तिकीट काढलंय म्हणून."

कुणी परदेशी निघालं की लातूरच्या या गल्लीत पिशव्या यायला लागतातच. पण इथं जाणारीलाच पत्ता नव्हता! आणि सोमवारी नांदेडला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. आधी सोमेशच्या लग्नापायी पुढं गेलेलं, मग सून अंजूच्या बाळंतपणापायी.

उमाबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. सोमेश घरातच कानटोपी घालून बसलेला.

"घरात टोपी कशाला रे?"

"दिवसा हीटर लावत न्हाई. लई बिल येतं, आई."

"अन् माझं तिकीट? विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू गुडघा मधी आणला असतास."

"गुडघा मधीच असतो, बाबा."

सोमेश हसला नाही. "पाळणाघरात घातलं तर अंजूचा आख्खा पगार जातो. माझा घरभाड्यात. म्हणून तिनं रातपाळी घेतली. आम्ही नवरा-बायको जिन्यात भेटतो, आई. लेकरू तिथंच या हातातून त्या हातात."

तोच तो जिना. गेल्या खेपेला उमाबाई कठडा धरून, उलट्या तोंडानं उतरायच्या. अन् इकडं सगळे म्हणायचे, नशीब काढलं बाईनं! नशीब कसलं, बिनभाड्याचं पाळणाघर झालं होतं त्यांचं.

नेहमीचं होकाराचं "हाव" ओठांवर आलंच होतं. उमाबाईंनी ते गिळलं.

"ऑपरेशन करूनच येईन. चालता आलं की त्याच दिवशी तिकीट काढ."

"तवर आम्ही काय करावं?"



सोमेशच्या मागं सोफ्यावर, नुकतीच रातपाळीहून आलेली अंजू कोटासकट आडवी झालेली. डोळे न उघडताच सासूची बाजू घेत म्हणाली, "बरोबर हाय आत्याचं."

तेवढ्यात लेकरू रडायला लागलं. सोमेश अंजूकडं बघत राहिला, अंजू तशीच पडून राहिली. दोघांतलं कुणीच उठेना. इकडं उमाबाईंचा हात आपसूक पुढं झाला आणि फोनच्या काचेला लागला.

शेवटी अंजूच उठली, भिंतीला धरून.

उमाबाईंनी फोन ठेवला नाही. शब्दही मागं घेतला नाही. लेकराचं रडं थांबेपर्यंत त्या नुसत्या बघत बसल्या.