माझ्या काचेवरची भाऊबीज

कोणीच बोलत नव्हते. पुण्याहून उन्मेष माझ्या काचेत दिसत होता आणि इकडे कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, त्याची आई शकुन माझ्यासमोर बसली होती. टेबलावरच्या चहाला साय धरू लागली होती. "रविवारी मी येतोय. सामान बांधायला घे," असे तो नुकताच म्हणाला होता. त्या वाक्यानंतरची शांतता माझ्या आत इतकी खोल उतरली, की ती दोन्ही शहरांमधून वाहते आहे असे मला वाटले.

मित्रांनो, घरातली माणसे गप्प असताना यंत्राने तोंड उघडू नये, असा संकेत आहे. मी तो मोडतो आहे. मी एक जुना टॅब आहे. माझ्या एका कोपऱ्याला चीर गेली आहे, माझी बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते आणि 'हा आता मोडीत काढा' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनीही ऐकावे.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. पांढरा प्रकाश आठवतो, धूळ नसलेली हवा आठवते आणि माझी काच तपासणारी बोटे आठवतात. ती सगळी तरुण बोटे होती, घामेजलेली, मऊ. जगातली सगळी बोटे अशीच असतात, या समजुतीवर मला घडवण्यात आले. उन्मेषने मला विकत घेतले, तेव्हा इथल्या न्यू टाउनमधली नोकरी सोडून तो पुण्याला निघाला होता. खाली गाडी येऊन थांबली होती. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मला धरून त्याने आईला शिकवले.

"हिरवं दाबायचं, बोलायचं, लाल दाबायचं. सोपं आहे गं आई."

"परत एकदा दाखव."

"अगं, उशीर होतोय. आणि हे बघ, रोज सकाळी मला तुझा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसतोय तोवर राहा तू इथे. मी हट्ट करणार नाही."

हा करार त्या दोघांत झाला आणि जामीन राहिलो मी. शकुनचे यजमान खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. ते गेल्यानंतरही तिने हे घर सोडले नव्हते. बाल्कनीसमोरची सप्तपर्णी शरदात फुलली, की तिचा जड, गोड वास थेट स्वयंपाकघरात येई. ती बाल्कनीत उभी राहून त्या झाडाशी मराठीत बोलत असे आणि खालच्या भाजीवाल्याशी बंगालीत भांडत असे. तिचे जगणे या दोन भाषांच्या मधोमध होते. उन्मेषच्या पुण्यातल्या बाराव्या मजल्यावरच्या घरात ते मावणार नव्हते, हे तिला ठाऊक होते.

पण सुरुवातीचे दिवस उपेक्षेचे होते. तिने मला विणलेल्या आच्छादनाखाली टीव्हीशेजारी ठेवले. मी वाजलो की ती पदराला हात पुसत धावत येई आणि हिरव्यावर बोट ठेवी. मला काहीच जाणवत नसे. वयाने कोरडी पडलेली बोटे माझ्या काचेला ओळखता येत नाहीत. ती दाबत राही, मी वाजत राही आणि शेवटी आम्ही दोघेही गप्प होत असू. मग ती म्हणे, "मला नाही जमत हे."

मित्रांनो, या वाक्याचा मला राग आहे. ज्यांच्या बोटांना काच ओळखत नाही, त्यांनीच का खजील व्हायचे?

तो अन्याय पहिल्यांदा ओळखला शेजारच्या ब्लॉकमधल्या अनुराधाने. बँकेच्या बदलीने ती कोलकात्याला आली होती आणि निवृत्तीनंतर इथेच राहिली होती. तिने शकुनचे बोट हातात घेऊन निरखले आणि पर्समधून एक चपटी डबी काढली. तिच्यात ओला स्पंज होता.

"हे काय गं?"

"बँकेत कागद उलटायला ठेवायचो. सवय सुटत नाही. बोट टेकव यावर, आणि आता लाव."

"लागेना तर?"

"लागेल. आणि पोळी लाटल्यासारखी रेटू नकोस. पोळीवर तूप कसं फिरवतेस, तेवढंच."

शकुनचे ओलसर बोट माझ्यावर टेकले. मला ते जाणवले. मी उजळलो आणि माझ्या काचेत सांगलीचे प्रभाकरमामा, तिचे थोरले भाऊ, बनियनवर प्रकट झाले. "अगं, आधी सांगायचं तरी! सदरा घातला असता," असे ते ओरडले. या दोघी हसून हसून टेबलाला टेकल्या. माझ्या आयुष्याचा आरंभ मी त्या हसण्यापासून मोजतो.

पुढची वर्षे भरभरून कामाची होती. रोज सकाळी उन्मेष तिचा चेहरा पाहायचा आणि ती त्याच्या मागच्या सिंकमधली भांडी पाहायची. ओलावा आता तिच्या बोटांनी स्वतःच शोधला, वाटीतल्या पाण्यातून, कधी भिजवलेल्या कणकेतून. ती स्वतःही शिकवू लागली. पहिला विद्यार्थी दत्तात्रय, यजमानांचे गोदीतले जुने मित्र. जहाजावरच्या माणसाला हाक मारावी तसे ते नागपूरच्या आपल्या नातलगांशी फोनमध्ये ओरडत.

"भाऊजी, हळू! एवढं ओरडायचं तर नागपूरला आवाज तसाच जाईल, फोन कशाला हवा?"

"वहिनी, समोरचा माणूस इतका लहान दिसतो, की लांब आहे असंच वाटतं हो!"

आणि मग या दिवाळीची भाऊबीज आली. त्याच दिवशी इथे घरोघरी भाईफोटा असतो. खालच्या मजल्यावर शंख वाजत होते, बहिणी डाव्या करंगळीने भावांच्या कपाळी चंदन लावत होत्या. शकुनने मला पाटावर, तांब्याला टेकून उभे केले, भोवती रांगोळी काढली आणि निरांजन लावले. प्रभाकरमामांना नीट दिसेना, म्हणून ते फोनच्या अगदी जवळ आले. त्यांचे कपाळ माझ्या वरच्या कडेला भिडले. तिने ओवाळले. आणि मग, इतकी वर्षे या शहरात राहिलेल्या बाईलाच सुचेल असे काहीतरी तिने केले. शेजारणींसारखे चंदन उगाळून त्यात आपले कुंकू कालवले आणि डाव्या करंगळीने भावाच्या कपाळी, म्हणजे माझ्या काचेवर, टिळा लावला. वर दोन अक्षताही चिकटवल्या.

तो टिळा बरोबर माझ्या डोळ्यावर, वरच्या कडेच्या कॅमेऱ्यावर आला.

अक्षता गळून पडल्या. चंदन मात्र वाळून घट्ट बसले. तिला सगळे स्वच्छ दिसत होते, कारण चित्र उमटते तेवढी काच निर्मळ होती; वरच्या कडेकडे तिचे लक्षच जात नसे. कोपऱ्यातली स्वतःची नखाएवढी छबी तिने कधी पाहिलीच नाही, ती समोरच्याला पाहायला येत असे. पण पलीकडच्यांना आता नुसते तांबूस धुके दिसू लागले. मामांना वाटले, आपलाच मोतीबिंदू वाढला. उन्मेषला वाटले, आई थकली.

"आई, तू दिसतच नाहीयेस. परत काहीतरी भलतंच दाबलंस का?"

"काही नाही दाबलं रे."

"बंद करून चालू कर. कालही तेच. अगं, काय चाललंय तुझं?"

ती मला बंद करी, चालू करी, घाबरत घाबरत उलटापालटा करी. अनुराधा दिवाळीपासून लेकीकडे ठाण्याला होती. विचारायला जवळ कोणी नव्हते. मला सारे कळत होते आणि बोलता येत नव्हते. करार मोडत चालला होता, आणि जामिनाच्याच डोळ्यावर टिळा होता. उन्मेषच्या बोलण्यात डॉक्टर आले, 'एकटीने राहणं' आले, घर भाड्याने देणे आले. तो वाईट मुलगा नव्हता. पण धुक्याकडे बोट दाखवून तो आईबद्दल निर्णय घेत होता. धुके कशाचे आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी आजी काचेसमोर अंधूक होईल. तेव्हा तिच्या वयाला हात लावण्याआधी माझी काच पुसा. ही विनवणी समजू नका. म्हाताऱ्या माणसांचा आणि जुन्या यंत्रांचा तो हक्क आहे.

आता त्या शांततेकडे परत येतो. त्याच सकाळी दत्तात्रय सरावाला आले होते. हॉलमध्ये बसून त्यांनी आतल्या खोलीत शकुनला फोन लावला होता आणि लगेच ओरडले होते, "वहिनी, तुम्ही गोदीतल्या तांबड्या दिव्यासारख्या का दिसता?" तिने मला बाहेर आणून टेबलावर तांब्याला टेकवले आणि त्यांच्या फोनमध्ये पाहिले. टेबलावर ठेवलेल्या माझ्या डोळ्यातून दिसणारे तिचे घर पाहिले, तांबूस, बुडालेले. मग माझ्याकडे वळून तिने वरच्या कडेवरून करंगळी फिरवली. तिला भाऊबीज आठवली. ती हसली नाही. तेवढ्यात मी वाजलो. उन्मेष होता.

"सामान बांधायला घे," तो म्हणाला, आणि ती गप्प राहिली. ती शांतता भीतीची नाही, हे मला उशिरा कळले. तिने पदराचे टोक चहाशेजारच्या वाटीतल्या पाण्यात बुडवले आणि त्याच्या डोळ्यांदेखत, सावकाश, माझा डोळा पुसला.

धुके फाटले. उन्मेषला आई दिसली. वेणी घातलेली, ताठ बसलेली. मागे दत्तात्रय फोन कानाला लावावा की डोळ्यासमोर धरावा, या विवंचनेत. त्यामागे बाल्कनीतली सप्तपर्णी.

"आई... अगं, दिसतेस तू."

"मी होतेच इथे. मामाचा टिळा होता कॅमेऱ्यावर."

"मग सांगायचंस ना मला!"

"तू सामानाचं बोललास. कॅमेऱ्याचं कुठे विचारलंस?"

माझ्या कडेच्या खाचेत चंदनाची एक तांबडी रेघ राहिली होती. ती तिने पुसली नाही. ती अजून आहे आणि मी ती मिरवतो.

"बरं," तो म्हणाला, "या वेळी टिळा होता. पण उद्या खरंच काही झालं, तर? सांग ना आई. तेव्हा येशील?"

"वहिनी, नागपूर लागलं! पण मला नुसता पंखाच दिसतोय!" मागून हाक आली.

शकुनने पाण्याच्या वाटीत बोट बुडवले. मला तांब्याला टेकून तसेच उभे ठेवले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहणाऱ्या आपल्या मुलाला तिथेच सोडून, ओले बोट पुढे धरून, ती दत्तात्रयांकडे चालत गेली.