आवरलेला हात

मी बोलतोय खरा, पण जरा झोपेतच बोलतोय, समजून घ्या. मी मालिशचा पलंग. ज्याच्या अंगावर रोज पाच-सहा माणसं घोरतात, तो पुरता जागा राहील कसा? त्यांची झोप झिरपत माझ्यात उतरते. मग कुणाचं स्वप्न कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, याचा मला पत्ताच लागत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. सागवानी पाय, वर जाड स्पंज, त्यावर फिकट हिरवं रेक्झीन आणि डोक्याच्या बाजूला एक गोल भोक. पलंगाला भोक कशाला, हे काही केल्या सुताराच्या डोक्यात शिरेना. पालथं पडल्यावर तोंड ठेवायला, असं सांगितल्यावर तो हसला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून स्वतःच पालथा पडला. माझ्या अंगावर घोरलेला पहिला माणूस तोच.

माझ्या मालकिणीला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. घराच्या खालच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या, आतल्या खोलीत मी. खिडकीला दुधी काच, त्यामुळे ऊन आत येतं तेही डोळे चोळत आल्यासारखं. कोपऱ्यात गरम पाण्याचं भांडं. तेलाची बाटली त्यात बुडवून ठेवलेली असते, आणि ताई आपले हातही आधी त्याच पाण्यात ऊन करून घेते. थंड हात लागला की माणूस आखडतो, आणि आखडलेल्या माणसाला सैल करण्यात निम्मा वेळ जातो, असं तिचं म्हणणं.

तिचे हात कसे चालतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आधी लांब, सपाट हात, मानेपासून कमरेपर्यंत. त्यात जोर नसतो, नुसती ओळख असते. मग स्नायू तळहातात धरून उचलायचा, पिळायचा, सोडायचा. गाठ लागली की कोपराच्या अलीकडचा भाग तिथे टेकवून नुसतं थांबायचं. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं, मणक्यावर कधीच नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर बोटही लावायचं नाही. जोर अंगठ्यांचा वापरायचा नाही, आपल्या अंगाचं वजन वापरायचं, नाहीतर मालिश करणाऱ्याचेच अंगठे कामातून जातात. हे सगळं ती नव्या मुलींना शिकवते तेव्हा मी ऐकत असतो, म्हणून मला पाठ झालंय.

आमच्याकडे एक बेकरीवाला येतो. पहाटेपासून पिठाची पोती उचलून त्याचे खांदे दगड झालेले. आला की एकच धोशा, अजून जोरात, अजून जोरात. ताई त्याला म्हणते, दुखणं सोसलं म्हणून इथे कुणी बक्षीस देत नाही. तो हसतो, आणि दोन मिनिटांत असा घोरायला लागतो की मी पायापासून थरथरतो. उठताना ती त्याला आधी कुशीवर वळवते आणि मग थोडा वेळ बसवून ठेवते, एकदम उठलं की भोवळ येते म्हणून. तो अर्धवट झोपेत कपडे उलटे घालून निघून जातो.

पण हात लावण्याआधी ताईचे प्रश्न असतात. ताप आहे का? कुठे जखम, पुरळ, सूज? ऑपरेशन झालंय का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? दिवस गेलेत का? इतक्यात लांबचा प्रवास झालाय का? लोक कंटाळतात. एक शिवणकामवाली बाई तर म्हणाली होती, मी मान मोकळी करायला आलेय, लग्नाची बोलणी करायला नाही. पण ताई ऐकत नाही. उत्तर मनासारखं आलं नाही तर गोड बोलून माणसाला परत पाठवते.

या घराच्या वरच्या मजल्यावर ताईचे सासरे राहतात. सगळा भाग त्यांना पोस्टमनकाका म्हणतो. अडतीस वर्षं त्यांनी पायी टपाल वाटलं. आपल्या पायांचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या पोटऱ्यांचं कौतुक तर त्यांच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलेलं. ताई सोडून. ताईशी ते कामापुरतंच बोलायचे.

कारण ताईचं काम त्यांना पसंत नव्हतं. "लोकांची अंगं चोळायला का सून आणली होती?" असं ते जेवताना एकदा म्हणाले. अकरा वर्षं झाली त्याला. त्या दुपारी ताई खाली आली, मला पुसायला घेतलं, आणि एकाच जागी कितीतरी वेळ पुसत राहिली. तेव्हापासून पोस्टमनकाका आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जात. आणि ताईची एकच इच्छा होती. बाबांनी, म्हणजे या सासऱ्यांनी, एकदा, फक्त एकदा इथे पडून बघावं. ती हे कुणाला सांगत नसे. मला सांगायची, चादर बदलता बदलता.

आणि एका दुपारी ते दारात उभे राहिले. मला वाटलं, मी कुणाचं तरी स्वप्न बघतोय. लेकीकडे जाऊन दोन दिवसांपूर्वीच परतले होते. ताईकडे न बघता म्हणाले, डाव्या पोटरीत गोळा आलाय, चालताना ओढतं, वेळ असेल तर बघ.

ताईला काय करू नि काय नको असं झालं. नवी चादर काढली, उशी दोनदा बदलली, हात पाण्यात घातले ते काढायचंच विसरली. काका पालथे झाले. आणि मला कळलं, तिनं काहीच विचारलं नव्हतं. येईल त्या परक्याला सगळं विचारणारी बाई, सासऱ्यांना मात्र एक प्रश्न विचारायला धजली नाही. विचारलं आणि ते उठून गेले तर? अकरा वर्षांनी उघडलेलं दार तिला लोटायचं नव्हतं. माझी काय घालमेल झाली म्हणून सांगू! विचार ना गं बाई, असं मी ओरडलो, पण माझं ओरडणं म्हणजे लाकडाची एक करकर. तेवढ्यावर कोण लक्ष देतं?

तिनं उजव्या पायापासून सुरुवात केली. लांब, सपाट हात. काकांचा श्वास हळूहळू खाली बसला. त्यांच्या अंगातून मला रस्ते दिसायला लागले, उन्हातले, ओळखीच्या दारांचे, खांद्यावरच्या पिशवीचं ओझं हलकं करत गेलेले. ते भोकातून जमिनीकडे बघत पुटपुटले, "हात चांगला आहे तुझा." ताईचे डोळे भरून आले. थेंब माझ्या रेक्झीनवर पडला, मी साक्षीला आहे.

मग ती डाव्या पोटरीकडे वळली. तळहात टेकवला आणि तो तसाच थांबला.

पोटरी गरम होती, उजवीपेक्षा चांगलीच फुगलेली, कातडी ताणून चकाकणारी. मलाही ती ऊब चादरीतून लागत होती. ताईनं हात अलगद काढून घेतला. मग आधी विचारायला हवं होतं ते सगळं विचारलं. प्रवास किती तासांचा? चौदा तास, बसमध्ये, जागचं हललोही नाही. धाप लागते का, छातीत दुखतं का? नाही. दुखणं कधीपासून? उतरलो तेव्हापासून.

ती म्हणाली, "बाबा, मी या पायाला हात लावणार नाही. आपण आत्ता डॉक्टरकडे जातोय."

काका कोपरावर उठले. त्यांचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. रागापेक्षा त्यात लाज जास्त होती. "परक्यांची अंगं चालतात तुला," ते म्हणाले. "माझंच चालत नाही?"

माझ्या काळजात चर्रर झालं, पलंगाला काळीज असतं असं समजा. आता ती माघार घेणार, थोडंसं चोळून देणार, असं मला वाटलं. कोण नाही देणार? ज्या क्षणाची अकरा वर्षं वाट बघितली, तो हातात होता.

"परके असता तर येताच विचारलं असतं, आणि उजव्या पायालाही हात लावला नसता," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला मी घाबरले. चूक माझी झाली. आता तुम्ही माझ्यावर कितीही रागवा, पाय चोळायचा नाही आणि जिना चढायचा नाही." तिनं नवऱ्याला फोन करून गाडी मागवली. काका जाताना तिच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या हाताला धरायला गेली तर त्यांनी हात सोडवून घेतला.

ती रात्र मी रिकामा काढली. नवी चादर तशीच अंगावर, तेल थंड. दुसऱ्या दिवशी ताई आली ती माझ्या काठावर बसून पोटभर रडली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा मोठ्यानं बोलली. शिरेत रक्ताची गाठ धरली होती. जोरात चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता औषधं चालू झाली होती, काका वाचले होते. पण ताईशी ते अजून एक शब्दही बोलले नव्हते.

त्याला आता चार महिने झाले. मी म्हातारा होत चाललोय. एक पाय लचकतो, भोकाच्या कडेचं रेक्झीन उसवलंय, आणि झोप पूर्वीपेक्षा लवकर येते. माझ्या जागी नवा पलंग येणार असं ऐकतो. येऊ दे. माझी तक्रार नाही. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाच्या हाताखाली आडवे व्हाल तेव्हा आपल्या दुखण्याची लाज धरू नका, आणि मोठेपणही मिरवू नका.

परवा दुपारी दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या खुर्चीत पोस्टमनकाका येऊन बसले होते. डॉक्टरनं रोज थोडं चालायला सांगितलंय, चालून झालं की ते आता इथेच टेकतात. आत येत नाहीत, पायाला मालिश अजून नकोच आहे. शेजारच्या खुर्चीत पहिल्यांदाच आलेला एक माणूस चुळबुळत होता. त्यानं काकांना विचारलं, ही बाई कशी आहे, हाताला गुण आहे का?

आत ताई चादर घालत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"माझी सून आहे ती," काका म्हणाले. "माझ्या पायाला तिनं हात लावायचं नाकारलं, म्हणून मी आज इथे बसलोय. जा आत, बिनधास्त."