बोटी किनाऱ्याला आल्या तेव्हा

कॉलेजची मुलं दवाखान्यात समाजसेवेचे तास भरायला येतात ती सर्टिफिकेटसाठी, असं मी नर्स म्हणून वीस वर्षं सांगत आलेय. क्रिस्टललाही तेच तोंडावर सुनावलं होतं. उत्तन गावच्या कोळ्याची ही मुलगी आमच्याकडे गरीब घरांची मोफत उपचाराची कार्डं काढून द्यायला बसायची.

पण कार्डं निघेनात. बायका कागद घेऊन यायच्या, ओटीपी जायचा नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा बोटीवर, खोल समुद्रात.

"सिस्टर, ईस्टरच्या आदल्या दिवशी गावातच बसू," क्रिस्टल म्हणाली. "तेव्हा सगळ्या बोटी किनाऱ्याला असतात."

"सुट्टीतले तास कॉलेज धरणार नाही हं."

"नको धरू दे."

मी कुरकुरतच गेले. बघते तर चर्चच्या आवारात ही रांग! नवरे मोबाइल घेऊन बायकांच्या मागे उभे. संध्याकाळपर्यंत एकूण एक कार्ड निघालं.

शेवटचं कार्ड बर्नडेटचं, म्हणजे क्रिस्टलच्या आईचं. बाई सकाळपासून उभी होती.

"अगं, आईला तरी पुढे घ्यायचंस!" मी क्रिस्टलवर खेकसले.

बर्नडेटच ताठ मानेनं म्हणाली, "पोर माजी हाय, सिस्टर. रांग सगल्यांची हाय."